चौकातले नऊशे

१

टेबलावर डुकराचं उकडलेलं एक मुंडकं होतं, डोळे मिटलेलं, हसऱ्या तोंडाचं. डावीकडे पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला एक सुका मासा. उजवीकडे तीन नासपती आणि लाल चवळीचे थर दिलेली तांदळाची वडी, परातीएवढी, एकही तुकडा न कापलेली. मेणबत्त्या दोन, अर्ध्या जळालेल्या. तांदळाच्या गढूळ दारूची किटली एक आणि तळाशी पांढरट थर वाळलेले कागदी पेले दहा. खोलीत खुर्च्या अकरा, संगणक अकरा. उंबऱ्यावर जाड मीठ विखुरलेलं, साधारण मूठभर.

बेक सुरिमने हे सगळं मोजलं ते संशय आला म्हणून नव्हे. नव्या जागी गेली की ती आधी मोजून घ्यायची. पदार्थविज्ञान शिकताना लागलेली खोड नोकरीतही सुटली नव्हती.

सोमवारची सकाळ होती. सोंगनामच्या जुन्या वस्तीतल्या या तिसऱ्या मजल्यावर खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी वास हलत नव्हता. शुक्रवारी इथे गोसा झाला होता. नवं काम सुरू करताना डुकरापुढे वाकायचं, दारू दाखवायची आणि मग सगळ्यांनी मिळून सगळं फस्त करायचं. वाकून झालं होतं. खायला मात्र कोणाला घास उतरला नव्हता.

"मॅडम, हल्ला झालाय आमच्यावर," कंपनीचा मालक गु ह्योनमो म्हणाला. पंचेचाळिशीचा, तीन दिवस दाढी न केलेला माणूस. "कोणीतरी मुद्दाम गळा आवळला. एवढं फक्त लिहून द्या."

'धुक्याचं बंदर' हा खेळ अकरा जणांनी चार वर्षं खपून बनवला होता. शुक्रवारी संध्याकाळी तो लोकांसाठी उघडला, सहा हजार माणसं एकदम आत आली आणि अर्ध्या तासाच्या आत खेळ मेला. आधी पडदे थिजले, मग सगळे बाहेर फेकले गेले. रात्री पुन्हा सुरू केला तेव्हा आत यायला कोणी उरलं नव्हतं. खेळ बाजारात आणणाऱ्या प्रकाशक कंपनीने करारावर बोट ठेवलं. बाहेरच्यांनी हल्ला केला असेल, तर आणखी एकदा उघडू. घरचीच चूक असेल, तर इथेच संपलं. निवाडा त्रयस्थाने करायचा. सर्व्हर बुंदांगच्या ज्या यंत्रघरात ठेवलेले होते तिथे सुरिम लाइनीवरचा प्रवाह मोजायचं काम करायची, म्हणून तिला पाठवलं होतं.

"अकरा जणांची चूल तुमच्या एका शब्दावर आहे," गु म्हणाला.

सुरिमने लॅपटॉप उघडला. यंत्रघरातल्या मोजणीत दोन रेषा होत्या. एक आत येणाऱ्या प्रवाहाची, दुसरी बाहेर जाणाऱ्या.

"साहेब, हल्ला करणारा बाहेरून कचरा ओततो. आत येणारी लाइन भरून जाते. तुमची लाइन दोन गिगाबिटची. शुक्रवारी आत किती येत होतं माहीत आहे? चोवीस मेगाबिट. शंभराव्या हिश्शापेक्षा थोडं जास्त. सहा हजार लोकांनी नुसतं इकडेतिकडे चालायचं म्हटलं तरी एवढं येणारच."

"मग?"

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. बाहेर जाणारी रेषा चढत चढत दोन गिगाबिटला टेकली होती आणि छत लागल्यासारखी सपाट झाली होती.

"दार बाहेरून कोणी ढकललेलं नाही," ती म्हणाली. "ते आतून तुंबलंय."

२

सर्व्हरचं काम बघणारा मा तेगन सव्वीस वर्षांचा होता. बोलताना तो बोटांची पेरं मोडत होता.

"आतून तुंबूच शकत नाही," तो म्हणाला. "गणित सरळ आहे. खेळात तुम्ही चाललात, वाकलात, उडी मारलीत, की ते शेजाऱ्याच्या पडद्यावर कळवावं लागतं. सेकंदाला दहा वेळा, दर वेळी पन्नास बाइट."

"म्हणजे एका माणसाला एक शेजारी दाखवायचा तर चार किलोबिट."

"बरोबर. एरवी आसपास तीसेक जण असतात. कितीही गर्दी होवो, जवळचे साठच दिसतात. एकसष्टावा गायब. ऊजिनदादाने भांडून घालून घेतलेली मर्यादा आहे ती. खेळाडूंशी बोलणारी आमची सोल्हाताई तर दादाला वॉचमन म्हणते."

सुरिमने मनात गुणाकार केला. साठ शेजारी म्हणजे माणशी दोनशेचाळीस किलोबिट. सहा हजार माणसांचे झाले एक पूर्णांक चव्वेचाळीस गिगाबिट. लाइन दोनची.

"म्हणजे सहा हजारच्या सहा हजार एकमेकांच्या उरावर उभे राहिले, तरी लाइन भरत नाही."

"तेच तर!" तेगनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. "दादा म्हणतो, बँडविड्थचा, म्हणजे लाइनीतून किती जाणार त्याचा, अंदाज लग्नाच्या जेवणासारखा करायचा नाही. किती पाहुणे येतील ते विचारायचं नाही, जास्तीत जास्त किती मावतील ते बघायचं. तो या कामात बाप आहे, मॅडम."

"मर्यादा आत्ता किती आहे? दाखवा."

तेगनने दाखवलं. साठ.

"आतल्याच कोणी खोडसाळपणा करून भलतीकडे माहिती पाठवली असेल?"

"तुम्हीच बघा ना कुठे गेलीय ती."

तिने आधीच बघितलं होतं. शुक्रवारी बाहेर गेलेलं सगळं खेळाडूंच्याच घरी गेलं होतं. दुसरीकडे एक थेंबही नाही.

"हे ऊजिन, म्हणजे अंदाज करणारे, ते कुठे आहेत?"

"प्यो ऊजिन. रजेवर आहे." तेगन हे तिच्याकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाला.

सुरिम जिन्यातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली थंड शेवयांच्या दुकानासमोर लोक जेवणासाठी रांगेत उभे होते. बाहेरून कोणी आलं नव्हतं, हे मोजणी सांगत होती. आतल्यांना ते जमणारच नव्हतं, हे गणित सांगत होतं. दोन्ही खरं होतं. तरी दोन गिगाबिट त्या लाइनीतून गेले होते.

३

"शिव्या वाचायच्यात? गोड हव्यात की तिखट?" योन सोल्हाने खुर्ची पुढे सरकवली. खेळाडूंशी बोलणं, त्यांच्या तक्रारी ऐकणं, त्यांना खूश ठेवणं हे तिचं काम. "हा बघा, एक जण म्हणतो, चार वर्षं वाट बघितली आणि चार मिनिटं खेळलो. दुसरी म्हणते, नवऱ्याला जेवायला थांबवून बसले होते, आता दोन्ही गार झाले."

"सोल्हाताई, मला चित्रं हवीत. लोकांनी स्वतःच्या पडद्याची काढलेली."

"ती खूप आहेत. खरं सांगू? सुंदर आहेत." तिचा आवाज एकदम खाली आला. "आम्ही खेळाच्या आतही गोसा ठेवला होता. बंदराच्या चौकात होडीएवढं डुकराचं मुंडकं. ज्यांना यायचं त्यांनी यायचं आणि सगळ्यांनी मिळून तीनदा वाकायचं. बाकीचे मासे धरायला वगैरे गेले, पण नऊशे जणांनी आधी नावं दिली होती आणि तेवढे चौकात आले हो."

तिने एक चित्र मोठं केलं. पहाटेचं धुकं, कंदील, आणि मुंडक्यासमोर वाकलेल्या पाठीच पाठी. लाल टोप्या, शिंपल्यांच्या माळा, पाठीला बांधलेली वल्ही.

सुरिम पडद्यापासून वीतभर अंतरावर पेन धरून एकेक ओळ मोजू लागली. पहिल्यांदा सोल्हाला हसू आलं. मग तिचं हसू विरत गेलं.

"काय करताय तुम्ही?"

सुरिमने बोट वर करून तिला थांबवलं. तीनशेबारावर पोचल्यावर ती स्वतःच थांबली. मागे धुक्यात अजून ओळी होत्याच.

"हे एकाच खेळाडूने, एकाच पडद्यावरून काढलेलं चित्र आहे ना?"

"हो. का?"

"एका पडद्यावर फक्त साठ माणसं दिसतात असं मला थोड्या वेळापूर्वी सांगितलं गेलं."

सोल्हाचा हात माउसवरच राहिला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला तेगनच्या बोटांचा कटकट आवाज थांबला.

४

"मी मागितलं होतं," सोल्हा म्हणाली. "त्याला नका बोलू. मी मागितलं."

बुधवारी थोड्या खेळाडूंना बोलावून चौकातल्या गोशाची तालीम झाली होती. दोन भाऊ शेजारी शेजारी उभे होते. एक वाकला, आणि मान वर करतो तर भाऊ गायब. गर्दी एकमेकांच्या अंगात शिरली होती, त्यात तो एकसष्टावा झाला होता बिचारा. वाकणाऱ्यांच्या गर्दीत असे कितीतरी जण दिसत होते, विरत होते. त्याने तिथेच लिहिलं, गोशात शेजारचा माणूस नाहीसा होणं चांगलं लक्षण नाही. बास. दोन दिवस खेळाडू त्यावरच बोलत राहिले.

"साहेबांनी ते वाचलं आणि पांढरे फटक पडले. शुक्रवारी उघडायच्या तासभर आधी ठरलं की गोसा होईपर्यंत मर्यादा काढायची. सगळ्यांना सगळे दिसले पाहिजेत. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता. रात्री पुन्हा सुरू करताना परत साठ घातले."

"आणि लाइन पुरेल की नाही ते कोणी बघितलं?"

"मी," तेगन म्हणाला. तो उठून जवळ आला होता. "मी नुसतं हो म्हटलं नाही, मॅडम. मी मोजलं. मर्यादा काढून दोनशे खोटी माणसं चौकात उभी केली. एकशेसाठ मेगाबिट झाले. नऊशे म्हणजे साडेचार पट. सातशेवीस. चौकाबाहेरच्यांचे सहाशेबारा धरले तरी तेराशेबत्तीस. दोन हजारांत आरामात बसतं."

तो थांबला. सुरिमने यंत्रघराची मोजणी उघडली, सोल्हाकडून चौकातल्या माणसांचे मिनिटामिनिटाचे आकडे घेतले, आणि चौकाबाहेरच्यांचा वाटा वजा करून दोन आकडे त्याच्यासमोर ठेवले. चौकात दोनशे जण असताना एकशेसाठ मेगाबिट. चारशे असताना सहाशेचाळीस.

"माणसं दुप्पट झाली," ती म्हणाली, "आणि प्रवाह चौपट."

तेगन त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग हळूच खुर्चीत बसला.

"प्रत्येकाला प्रत्येक जण दाखवायचा," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "नवा माणूस आला की त्याला सगळे दाखवायचे आणि सगळ्यांना तो दाखवायचा. साडेचार पट नाही. साडेचार गुणिले साडेचार."

"नऊशेचे तीन हजार दोनशेच्या वर जातात. तुमच्या दोन हजारांच्या लाइनीवर."

"हे शाळेतल्या पोराला कळतं." त्याने तळहात डोळ्यांवर दाबले. "बाहेर फुलांचे हार लावत होते, साहेब मेणबत्त्या लावा म्हणून ओरडत होते, आणि मी उभ्या उभ्या गुणाकार केला. दादाला विचारलं असतं तर त्याने दोन सेकंदांत कानाखाली काढली असती."

"मग विचारलं का नाही?"

तेगनने सोल्हाकडे बघितलं. सोल्हाने खिडकीबाहेर. रजेवरच्या माणसालाही फोन करता येतो. चार वर्षांच्या कामाच्या शेवटच्या तासाला, ज्याने लाइनीचा अंदाज केला त्यालाच विचारायचं नाही, असं कशामुळे होतं?

सुरिम टेबलाकडे वळली. पेले तिने सकाळीच मोजले होते.

५

"साहेब, शुक्रवारच्या गोशाला सगळे हजर होते का?"

"सगळे," गु म्हणाला.

"माणसं अकरा. पेले दहा."

"एखादा पीत नसेल."

"गोशाला न पिणाराही ओठाला लावतो. आणि उंबऱ्यावर मीठ आहे. कोणी मयताला जाऊन आलं तरच आपण दाराशी मीठ टाकतो. ऊजिनच्या घरी कोण गेलं?"

गुने खुर्ची ओढली आणि मुंडक्याकडे पाठ करून बसला.

"आजी. आईबापांच्या जागी तीच होती त्याला. गुरुवारी माती दिली आणि शुक्रवारी सकाळी गडी इथे दारात उभा. डोळे सुजलेले. म्हणतो, साहेब, आजचा दिवस मला यायलाच हवं." त्याने उंबऱ्याकडे बोट केलं. "मी त्याला आत घेतला नाही. मीठ मीच टाकलं. म्हटलं, सुतकातला माणूस गोशाला चालत नाही, घरी जा. उद्यापासून ये."

"आणि त्याला फोनही करायचा नाही, असंही तुम्हीच सांगितलंत."

"आजच्या दिवस त्या घराशी काही संबंध नको, एवढं म्हणालो. हसा तुम्ही. शिकलेल्या आहात."

सुरिम हसली नाही. तिच्या वडिलांनी नवी गाडी घेतली तेव्हा चाकांवर दारू शिंपडली होती, आणि ती स्वतः बाटली धरून उभी होती.

"मागच्या खेळाच्या वेळी," गु सांगू लागला, "आमचा एक चित्रकार सासऱ्याला पोचवून थेट गोशाला आला. सगळे कुजबुजले. मीच मोठ्या तोंडाने म्हटलं, ये रे, असं काही नसतं. तीन महिन्यांत खेळ बुडाला. बायको म्हणाली, तरी मी सांगत होते. तेव्हापासून ठरवलं होतं, या वेळी कुठेही खोट राहू द्यायची नाही."

तो 'खोट' म्हणाला आणि त्याची नजर तेगनच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. तेगन जिन्यात जाऊन बसला होता.

"एक शेवटचं विचारते. गोसा चालू असताना बाकीच्यांचे फोन कुठे होते?"

"टोपलीत. पूजेला फोन जवळ ठेवत नाही आम्ही."

"आणि तुमचा?"

गुने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. शुक्रवार संध्याकाळची यादी त्याने पुसली नव्हती. न उचललेले फोन, एकाखाली एक, पडदा भरून. सगळे एकाच नावाचे.

"डुकरासमोर गुडघे टेकले होते मी," तो म्हणाला. "वाजला तसा बघितला. नाव बघितलं. आणि उलटा करून ठेवला."

६

प्यो ऊजिन तिला सुवॉनला भेटला. आजी राहायची त्या इमारतीच्या तळमजल्यावर पीसी बांग होती, तासावर पैसे देऊन संगणकावर खेळायची जागा. पडद्यांच्या रांगा, कानांवर हेडफोन चढवलेली माणसं, रामेनचा वास. कोपऱ्यातल्या जागेवर तो काळ्या सुटात बसला होता आणि समोरचा पडदा बंद होता.

"शुक्रवारी इथेच बसलो होतो," तो म्हणाला. "गोशाला यायचं नाही म्हणाले होते. खेळायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं."

"म्हणजे तुम्ही चौकात होता."

"नऊशेतला एक." त्याने रामेनच्या भांड्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. "चौकात शिरलो तर सगळेच्या सगळे दिसताहेत. धुक्यातून माणसं येताहेत, येताहेत, संपतच नाहीत. इतकं सुंदर दिसत होतं, मॅडम! मर्यादा मीच घातलेली, त्यामुळे आमचं बंदर असं भरलेलं मी चार वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. क्षणभर विसरलो. मग डोकं चालू झालं. पाचशेऐंशीला लाइन भरणार होती. तेव्हा चारशे होते."

"मग फोन लावलात."

"लावतच राहिलो. खेळातही ओरडलो, चौकातून बाहेर जा म्हणून. लोकांना वाटलं, कोणीतरी टवाळ आहे. एक बाई म्हणाली, अहो काका, पूजेत तरी गप्प बसा." तो हसला. ते हसू बघवत नव्हतं. "पाचशेऐंशीला पडदा थिजला, तरी मागून माणसं येतच राहिली. सगळे वाकलेलेच राहिले."

"साहेबांचा राग येत नाही?"

"त्यांनी मीठ टाकलं तेव्हा आला होता. आजीने मात्र तेच केलं असतं. मला दारातच उभं करून वरून दोन शिव्या घातल्या असत्या." तो पुढे झुकला. "बाई, तुम्ही असं लिहा. प्यो ऊजिनचा अंदाज चुकला. तो रजेवर होता, नीट लक्ष दिलं नाही. चूक एका माणसाची असली की माणूस बदलता येतो. मला काढतील, आणि खेळ परत उघडेल."

"तुमचा अंदाज बरोबर होता. मर्यादा असती तर नऊशे काय, सहा हजार आले असते चौकात तरी चाललं असतं."

"बरोबर असून काय दिवे लागले?"

"आणि करारात माणूसच नाही," ती म्हणाली. "तिथे फक्त आत आणि बाहेर आहे. तुमची चूक, तेगनची, साहेबांची, सगळी आतच मोजली जाते."

शेजारच्या रांगेत कोणीतरी जिंकलं आणि खुर्चीत उसळलं.

"मग हल्ला लिहा."

"चोवीस मेगाबिटचा हल्ला?"

"तुमच्याशिवाय ती रेषा कोण बघणार आहे? अकरा जण आहेत हो. तेगनचं लग्न ठरलंय. सोल्हाताई एकटी आईला सांभाळते. एक शब्द, मॅडम. मी तुमच्या पाया पडतो."

आणि तो खरोखरच खुर्चीतून उतरू लागला. सुरिमने त्याचं मनगट धरलं. त्याला पुन्हा खुर्चीत बसवायला तिला बराच जोर लावावा लागला. भांड्यातल्या शेवया फुगून वर आल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये तिने दोनदा तो शब्द लिहून बघितला. दोन्ही वेळा त्याच्या पुढे आकडा लिहायची जागा आली, आणि तिथे लिहायला तिच्याकडे एकच आकडा होता.

७

अहवाल गेला त्याच दिवशी प्रकाशक कंपनीचं उत्तर आलं. दोन वाक्यांचं होतं. गुने ते उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं.

"निदान आभार तरी मानलेत," सोल्हा म्हणाली. "सभ्य लोक आहेत."

आणि ती टेबलावरचे पेले एकात एक घालू लागली.

सर्व्हर बंद करायची वेळ दुपारी बाराची ठरली. लाइन तोडण्याआधी शेवटची मोजणी घ्यावी लागते, म्हणून सुरिमला पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर यावं लागलं. टेबल आता रिकामं होतं. अकरा जण आले होते. ऊजिन त्याच काळ्या सुटात होता. गु त्याला दारात भेटला आणि आत येऊ देण्यासाठी बाजूला झाला.

खेळाडूंना सोल्हाने कळवलं होतं. ज्यांना निरोप द्यायचा आहे त्यांनी चौकात यावं.

"दादा, किती येतील?" तेगनने विचारलं. त्याने ऊजिनला आता सगळंच विचारायला सुरुवात केली होती. पाणी पिऊ का, हेही विचारलं असतं.

"चाळीसेक."

"मर्यादा?"

ऊजिन त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर चौकाच्या कडेने एकेक जण धुक्यातून येत होता.

"काढ," तो म्हणाला.

तेगनने साठचा आकडा पुसला. खिडकीबाहेर जेवणाच्या सुट्टीची गर्दी वाढू लागली होती. गु खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. यंत्रघरातल्या सहकाऱ्याने फोनवर विचारलं, झालं का? सुरिम म्हणाली, एक मिनिट, आणि तिने मोजणी घेतली.

चौकात अडतीस जण होते. प्रत्येकाला बाकीचे सदतीस दिसत होते. लाइन दोन गिगाबिटची. बाहेर जाणारा प्रवाह ५.६ मेगाबिट.